रोमन बॅलिस्टाचं लाकडी किट: रबरबँड काढा आणि दोरी पिळा

दोन महिने हे किट घरात आहे, त्यानंतर लिहितेय. पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते, आज चार देतेय, आणि मधले दोन स्टार एका साध्या दोरीने आणि माझ्या बाबांच्या कानाने मिळवून दिलेत. रिव्ह्यू लांब होणार आहे, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि खाली बाकीच्यांनी "बाण दोन फुटांवर पडतो, पैसे वाया" असं लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं. पैसे वाया नाही जात, पण किट जसं येतं तसं वापरू नका.

बॉक्समध्ये तीन मॉडेल्स आहेत. बाण मारणारी बॅलिस्टा, दगड फेकणारा ओनेजर, आणि तट फोडायचा मेंढा त्याच्या चाकांच्या छपरासकट. तीन मिलीमीटर प्लायचे लेझर कट केलेले पत्रे, सुटे करायचे आणि फेविकॉलने जोडायचे. कटिंग चांगलं आहे, कडा काळपट जळलेल्या असतात त्या पॉलिश पेपरने घासून घ्या नाहीतर गोंद नीट धरत नाही. माझा मुलगा सातवीत आहे, त्याच्याबरोबर बसून मेंढा एका संध्याकाळी झाला, ओनेजर दुसऱ्या, आणि बॅलिस्टाला अख्खा वीकेंड लागला. बॉक्सवर ८ वर्षांच्या पुढे असं छापलंय ते मला पटत नाही, १२ म्हणा, आणि मोठं माणूस शेजारी हवंच.

आता मुख्य तक्रार. बॅलिस्टाची चौकट दिसायला अगदी बरोबर आहे, दोन बाजूंना दोन उभ्या खिडक्या, त्यातून बाहेर आलेले दोन हात, मधे लांब पन्हळ, मागे रहाट. पण हातांना जोर कुठून येतो तर दोन रबरबँडमधून! हात एका खिळ्यावर फिरतात आणि रबरबँड त्यांना पुढे ओढतो, म्हणजे ही झाली मोठी बेचकी. रोमन यंत्राचा सगळा जीव ज्या गोष्टीत होता तीच गोष्ट किट बनवणाऱ्यांनी काढून टाकलीय, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

खरं यंत्र कसं चालायचं ते सांगते. दोन्ही खिडक्यांमधून दोरीचा जाडजूड जुडगा वरून खाली ताणून भरलेला असायचा, जनावरांच्या स्नायूंच्या तंतूंची किंवा केसांची वळलेली दोरी. त्या जुडग्याच्या पोटात हाताचं एक टोक खुपसलेलं. जुडग्याच्या वर आणि खाली ब्राँझचं कडं, त्या कड्यावर आडवी लोखंडी पट्टी, दोरीचे वेढे त्या पट्टीवरून घेतलेले. कडं फिरवलं की अख्खा जुडगा पिळला जातो, आणि मग दोन्ही हात मागे ओढले की पीळ आणखी वाढतो, चाप सोडला की सगळा पीळ एका क्षणात उलगडायला बघतो. धनुष्यात लाकूड वाकतं, इथे दोरी पिळली जाते, एवढाच फरक पण त्या फरकाने भूमध्य समुद्राच्या भोवतीची युद्धं बदलली. ही कल्पना मुळात ग्रीकांची, ख्रिस्तपूर्व ४थ्या शतकातली, रोमनांनी ती उचलली आणि प्रत्येक लीजनबरोबर, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकडीबरोबर, फिरवली.

रबरबँडवर आमचा बाण जेमतेम दोन मीटर गेला. मुलगा हिरमुसला. मी म्हटलं थांब, आपण हे विट्रुव्हियसला विचारू.

विट्रुव्हियस म्हणजे रोमन वास्तुकार, ज्याला लोक इमारतींसाठी ओळखतात तोच, पण त्याची नोकरी तोफखान्याची होती असंच म्हणायला हवं, सम्राट ऑगस्टसच्या काळात बॅलिस्टा आणि स्कॉर्पिओ (बाण मारणारं छोटं यंत्र) पुरवणं आणि दुरुस्त करणं हे काम आपल्याकडे होतं असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्याच्या दहा पुस्तकांपैकी शेवटच्यात या यंत्रांची मापं आहेत आणि मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की सगळी मापं एकाच मापावरून निघतात, दोरीचा जुडगा ज्यातून जातो त्या भोकाच्या व्यासावरून. बाण मारणारं यंत्र असेल तर बाणाच्या लांबीचा नववा भाग म्हणजे भोक, आणि मग चौकटीची उंची, रुंदी, हाताची लांबी, सगळं त्या भोकाच्या पटीत. म्हणजे शिपायाने फक्त सांगायचं बाण केवढा हवा, बाकी यंत्र आपोआप ठरतं.

किटमधला बाण ९ सेंटीमीटरचा आहे. म्हणजे भोक १ सेंटीमीटर हवं. मोजलं तर ६ मिलीमीटर! मुलाने स्वतः पट्टी लावून मोजलं आणि मला म्हणाला, "आई, यांनी विट्रुव्हियस वाचलाच नाही." त्या वाक्यासाठीच मी हे किट पुन्हा विकत घेईन.

तर आम्ही काय केलं ते लिहिते, कुणाला करायचं असेल तर. खिळा आणि रबरबँड काढून टाकले. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला प्लायचा आणखी एक थर चिकटवला (बॉक्समधले उरलेले तुकडे पुरतात), रात्रभर क्लॅम्प लावून ठेवलं, कारण दोरीचा ताण एवढा येतो की नुसता तीन मिलीमीटरचा प्लाय मधोमध फाटतो, आमचा पहिला फाटला. मग दहाच्या ड्रिलने चारही भोकं मोठी केली. हार्डवेअरच्या दुकानातून चार छोट्या पितळी रिंगा आणल्या, त्यांच्या वर आडवे खिळे कापून बसवले, खिळे बसायला रिंगेला कानसीने खाचा पाडल्या. दोरी म्हणून बॅगा शिवायचा जाड नायलॉन दोरा, एकेका बाजूला पंधरा-सोळा वेढे. प्रत्येक वेढा घेताना ओढून धरायचा, हे दोन माणसांचं काम आहे, एकाने धरायचं एकाने ओवायचं. मग हात मधे खुपसायचे आणि वरचं आणि खालचं कडं, वरून बघताना, एकाच दिशेला फिरवायचं. कडं उलटं फिरू नये म्हणून बाजूला बारीक भोक पाडून खिळी घातली, खऱ्या यंत्रांवरही कड्यांना अशी भोकं असायची, खिळी घालून लॉक करायला.

ही कडी का महत्त्वाची ते सांगते. स्पेनच्या किनाऱ्यावर आंपुरियास नावाची जागा आहे, तिथे १९१२ साली उत्खननात अशा यंत्राची लोखंड मढवलेली चौकट आणि ब्राँझची कडी सापडली. लाकूड गेलं होतं, दोरी गेली होती. इतर ठिकाणीसुद्धा साधारण हेच, कडी मिळतात, दोरी मिळत नाही, कारण स्नायूंची दोरी जमिनीत टिकणार कशी. मला वाटतं म्हणूनच आजच्या खेळण्यांमधून ती गायब होते. म्युझियममध्ये गेलात तर लाकूड-लोखंड दिसतं, चित्रातही तेच दिसतं, आणि जिच्यावर सगळं चालायचं ती कुणाच्या डोळ्यासमोर नसते. २०व्या शतकाच्या सुरुवातीला एर्विन श्राम नावाच्या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने जुने ग्रीक आणि लॅटिन मजकूर घेऊन ही यंत्रं पूर्ण आकारात पुन्हा बांधली, जर्मनीतल्या झालबुर्गच्या रोमन किल्ल्यासाठी, आणि ती खरोखर चालली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की ते जुने आकडे गप्पा नव्हत्या.

दोरीवर आमचा पहिला बाण गच्चीवर सहा-सात मीटर गेला. आम्ही दोघं ओरडलोच. पण तो समोर ठेवलेल्या खोक्याला लागेना, दर वेळी उजवीकडे. मुलाने पन्हळ घासली, बाण बदलला, चौकट गुण्याने तपासली, काही फरक नाही. तेव्हा बाबा चहा घेऊन वर आले. बाबा चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवतायत. ते खाली बसले, बोटाने एका बाजूच्या दोरीला टिचकी मारली, मग दुसऱ्या बाजूच्या, आणि म्हणाले, "अगं हा चढा लागलाय आणि हा उतरलाय, सारखं कसं जाईल?" मग त्यांनी पक्कड घेतली आणि जसं वादीखालचे गट्ठे ठोकत एकेक घर सुरात आणतात तसं एकेक कडं थोडं थोडं फिरवत, टिचकी मारत, परत फिरवत, पंधरा मिनिटांत दोन्ही बाजू एका सुरात आणल्या. पुढचा बाण खोक्यात. त्याच्या पुढचाही.

आणि आता ऐका. त्या रात्री मी विट्रुव्हियस परत काढला आणि पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात, जिथे तो सांगतो की वास्तुकाराला काय काय यायला पाहिजे, तिथे संगीत आहे, आणि त्याचं एक कारण म्हणून तो ही यंत्रं देतो. तो म्हणतो की डाव्या आणि उजव्या भोकांमधल्या दोऱ्या कारागिराच्या कानाला दोन्हीकडून सारखा आवाज येईपर्यंत ताणायच्या, तोपर्यंत पक्क्या करायच्या नाहीत, कारण दोन्ही हातांचा फटका एकदम आणि सारखा बसला पाहिजे, सूर वेगळा असेल तर बाण सरळ जात नाही. दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य. मी ते बाबांना वाचून दाखवलं तर ते काहीच बोलले नाहीत, नुसते हसले आणि म्हणाले कारागीर कारागीरच असतो. मला खरंच भरून आलं. एका रोमन छावणीत, वेढ्याच्या धबडग्यात, कुणीतरी माणूस कान लावून दोरीला टिचकी मारतोय हे चित्र त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

हे यंत्र किती नेमकं मारायचं त्याचा एक प्रसंग सीझरने स्वतः पाहिलेला लिहिलाय. ख्रिस्तपूर्व ५२, अव्हारिकम, म्हणजे फ्रान्समधलं आजचं बुर्ज शहर. रोमनांनी थंडीत आणि सततच्या पावसात २५ दिवसांत तटाला भिडणारा मातीलाकडाचा भराव घातला, ३३० फूट रुंद आणि ८० फूट उंच. शहरातल्या गॉल लोकांनी खालून सुरुंग खणून तो भराव पेटवला. तेव्हा शहराच्या दरवाज्यासमोर एक गॉल उभा राहून हातोहात आलेले चरबीचे आणि डांबराचे गोळे आगीत फेकत होता. स्कॉर्पिओचा बाण त्याच्या उजव्या बाजूला लागला आणि तो पडला. त्याच्या शेजारचा त्याला ओलांडून पुढे आला आणि तेच काम करायला लागला. तोही तसाच पडला. तिसरा आला, मग चौथा. लढाई संपेपर्यंत ती जागा रिकामी राहिली नाही. सीझर हे लिहितो तेव्हा शत्रूबद्दल आदर लपत नाही त्याला. मी हा प्रसंग मुलाला सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग त्याने विचारलं त्या माणसांची नावं काय होती. सीझरने नावं लिहिलेली नाहीत.

बॉक्सवरच्या नावाबद्दल एक बारीक गोष्ट. विट्रुव्हियसच्या काळात बाण मारणाऱ्या यंत्राला कॅटापुल्टा म्हणायचे, छोटं असेल तर स्कॉर्पिओ म्हणजे विंचू, आणि बॅलिस्टा हे नाव दगड फेकणाऱ्या यंत्राचं होतं. नंतरच्या शतकांत बॅलिस्टा नाव बाणवाल्या यंत्राला चिकटलं. म्हणजे बॉक्सवरचं नाव चूक नाही, पण मग बॉक्सवर सीझरचं चित्र नको होतं.

दगडवाल्या खऱ्या बॅलिस्टासाठी सूत्र वेगळं आहे आणि तेही फार सुंदर आहे. दगडाचं वजन मिना या मापात घ्यायचं, त्याला १०० ने गुणायचं, घनमूळ काढायचं, त्यात दहावा हिस्सा मिळवायचा, येईल तेवढी बोटं भोकाचा व्यास. एक टॅलेंट म्हणजे ६० मिना, साधारण २६ किलोचा दगड. ६० गुणिले १०० म्हणजे ६०००, घनमूळ १८ च्या जरा वर, दहावा हिस्सा मिळवला की २०. वीस बोटं, म्हणजे जवळजवळ ३८ सेंटीमीटर जाडीचा दोरीचा जुडगा! आमचा १ सेंटीमीटरचा पीळ फिरवताना पक्कड लागते, तर ३८ सेंटीमीटरचा पीळ द्यायला किती माणसं, केवढा रहाट, विचार करा. आणि घनमूळ काढणं त्या काळी सोपं नव्हतं, म्हणून विट्रुव्हियस सरळ तयार आकडे देतो, एवढ्या वजनाला एवढं भोक, म्हणजे वेढ्याच्या घाईत कुणाला हिशेब करत बसायला नको.

असे टॅलेंटभर वजनाचे दगड ७० साली जेरुसलेमच्या वेढ्यात १०व्या लीजनची यंत्रं फेकत होती, दोन स्टेडिया म्हणजे साडेतीनशे मीटरच्या पुढे, असं ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो आणि तो तिथे हजर होता. दगड पांढरा असायचा, लांबून चमकायचा, तर बुरुजावरचे पहारेकरी तो सुटताना बघून ओरडायचे आणि खालचे लोक आडवे व्हायचे, दगड वरून निघून जायचा. मग रोमनांनी दगड काळे करायला सुरुवात केली, आणि एकेका दगडाने अनेक माणसं जायला लागली. एवढीच सुधारणा, रंग. मला हे वाचून काटा येतो. याच्या आधी ६७ साली गॅलिलीतल्या योटापाटा गावाच्या वेढ्यात जोसेफस स्वतः तटाच्या आतल्या बाजूचा सेनापती होता, रोमन सेनापती वेस्पासियनने तिथे १६० यंत्रं लावली होती असं तो सांगतो, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाचं डोकं दगडाने उडून खूप लांब जाऊन पडलं असंही. ज्यांना हे आकडे फुगवलेले वाटतात त्यांच्यासाठी, त्याच वर्षी गोलानमधल्या गामला या गावाला वेढा पडला होता, तिथल्या उत्खननात बॅलिस्टाचे सुमारे २००० दगड आणि १६०० च्या आसपास बाणांची टोकं मिळाली आहेत. इटलीत पॉम्पेईला गेलात तर उत्तरेच्या तटावर दगडांचे गोल खड्डे अजून दिसतात, ख्रिस्तपूर्व ८९ मधल्या रोमन सेनापती सुल्लाच्या वेढ्यातले, ज्वालामुखीच्या शंभरावर वर्षं आधीचे.

म्हणून मुलांना हे खेळणं देताना नुसतं "वॉव मशीन" असं देऊ नका, ते कुणावर चाललं हेही सांगा. आमच्याकडे नियम आहे, यंत्र भरलेलं असताना समोर माणूस नाही, मांजर नाही, आणि चष्मा घालूनच चाप ओढायचा. दोरी लावल्यावर बाण खरोखर टोचतो.

बाणांबद्दल, किटमधल्या बाणांना मागे काहीच नाही, नुसती गोल काडी, ती हवेत कोलांट्या खाते. सिरियातल्या दुरा-युरोपस इथे खऱ्या बाणांना लाकडाचे पातळ पंख सापडलेत, तीन पंख, पिसं नाहीत. आम्ही जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तीन पंख लावले, खालची बाजू मोकळी ठेवली कारण बाण पन्हळीत बसायला हवा, आणि लगेच दोन मीटरची भर पडली.

ओनेजरबद्दल थोडक्यात. ओनेजर म्हणजे रानगाढव, मागच्या पायांनी दगड उडवतं म्हणून. एकच हात, आडव्या पिळात खोचलेला. हे नाव ४थ्या शतकातल्या रोमन इतिहासकार अमियानस मार्सेलिनसकडून येतं, तोच सांगतो की आधी यालाच विंचू म्हणायचे. माहितीपत्रकात याला "सीझरचा ओनेजर" म्हटलंय ते चूक आहे, नाव चारशे वर्षांनी पुढचं. आणि हाताच्या टोकाला चमचा दिलाय, खऱ्याला गोफण असायची. चमचा कापून दोरीची गोफण लावली की दगड (आम्ही चणे वापरतो, भाजलेले नाही, कच्चे काबुली) दुप्पट लांब जातो, फक्त टोकाच्या खिळ्याचा कोन जमेपर्यंत वेळ लागतो. अमियानस आणखी एक सांगतो, हे यंत्र दगडी तटावर ठेवू नका, धक्क्याने तटच खिळखिळा होतो, गवताच्या ढेपांवर नाहीतर विटांच्या ढिगावर ठेवा. आम्ही डायनिंग टेबलवर ठेवलं तर प्रत्येक वेळी टुणकन उडायचं, खाली टॉवेलची घडी घातली तर शांत बसलं. १६०० वर्षांपूर्वीची सूचना आणि घरात पडताळता आली.

मेंढा या किटमधला सगळ्यात प्रामाणिक भाग आहे, त्यात काही बदलायला लागलं नाही. चाकांवरचं छप्पर, त्याला लॅटिनमध्ये कासव म्हणायचे, आत दोराने टांगलेला ओंडका आणि टोकाला मेंढ्याचं डोकं. छपरावर आम्ही ओल्या फडक्याचा तुकडा टाकला, खऱ्यावर कच्ची कातडी घालायचे, आग लागू नये म्हणून. मुलाने पुस्तकांचा तट केला आणि मेंढ्याने तो पाडला, मग मी त्याला योटापाटाची युक्ती सांगितली, तिथे जोसेफसने भुसा भरलेली पोती दोरांनी तटावरून खाली सोडली, मेंढा जिथे आदळेल तिथे, म्हणजे मार पोत्यात जिरायचा. मग रोमनांनी लांब काठ्यांना विळे बांधून दोर कापले. आमच्याकडे पोत्याच्या जागी कापूस भरलेला मोजा, आणि खरंच पुस्तकं हलली नाहीत! अर्धा तास तो मोजा वर खाली करत होता.

पण मेंढ्याबद्दल जी गोष्ट माहितीपत्रकात असायलाच हवी होती ती नाही. ख्रिस्तपूर्व ५७ मध्ये बेल्जिकातल्या अतुआतुकी लोकांच्या गडाला सीझरने वेढा घातला आणि लांबवर एक मनोरा बांधायला घेतला. तटावरचे लोक हसायला लागले, एवढी बुटकी माणसं एवढा मोठा मनोरा हलवणार कशी? मनोरा हलला आणि तटाकडे यायला लागला तेव्हा त्यांनी वकील पाठवले. सीझरने उत्तर दिलं, मेंढा तटाला लागायच्या आत शरण आलात तर गाव वाचेल. म्हणजे मेंढा हे नुसतं यंत्र नव्हतं, ती वेळेची रेघ होती. त्याच्या डोक्याने दगडाला स्पर्श केला की बोलणी संपली. ते शरण आले, पण एक तृतीयांश हत्यारं लपवून ठेवली आणि रात्री हल्ला केला. ४००० माणसं मेली आणि दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती गुलाम म्हणून विकली, विकत घेणाऱ्यांनी सीझरला आकडा सांगितला, ५३०००. आमचा छोटा मेंढा आता शोकेसमध्ये आहे आणि त्याच्याकडे बघताना मला तो आकडा आठवतो.

बाकी बारीकसारीक. माझ्या बॉक्समध्ये रहाटाचं एक चाक तुटलेलं होतं, सेलरला फोटो पाठवला तर आठ दिवसांनी नवीन आलं, ठीक. माहितीपत्रकातली चित्रं फार बारीक आहेत, मोबाइलने फोटो काढून मोठी करून बघावी लागतात. रॅचेटचे (रहाट उलटा फिरू न देणाऱ्या चाकाचे) दात प्लायचे आहेत, दोरी लावल्यावर महिन्याभरात झिजले, त्यावर पत्र्याची पट्टी चिकटवा. पॅकिंग उत्तम. किंमत १८९९ आहे, तीन मॉडेल्सच्या मानाने जास्त नाही पण त्यात चार कडी आणि दोरीचं एक बंडल घातलं असतं तर कंपनीला फार खर्च आला नसता आणि मी डोळे मिटून पाच स्टार दिले असते. कंपनीवाले हे वाचत असतील तर मनापासून विनंती आहे, पुढच्या बॅचमध्ये भोक १० मिलीमीटर करा आणि चौकट दुप्पट जाड करा, बाकी काही बदलू नका.

आणि कुठली दोरी घ्यावी असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांच्यासाठी, आम्ही तीन प्रकार करून बघितले. सुती दोरी दोन दिवसांत ढिली पडते, नका घेऊ. तंगूस घसरतो, वेढे जागेवर राहत नाहीत. नायलॉन छान, पण पावसाळी हवेत उतरतो, खऱ्या यंत्रांच्या स्नायूंच्या दोरीचीही हीच अडचण होती, ओल लागली की जोर गेला. व्हेजिशियस या रोमन युद्धलेखकाने तर एक गोष्ट लिहिलीय की रोममध्ये कॅपिटॉलच्या टेकडीला वेढा पडला होता तेव्हा यंत्रांच्या दोऱ्या संपल्या आणि बायकांनी आपले केस कापून दिले. गेल्या आठवड्यात आमच्याकडे सलग पाऊस झाला तर दोन्ही बाजू उतरल्या, आता पॉलिएस्टरचा दोरा आणलाय, तो ओलीला दाद देत नाही म्हणतात. अजून भरायचाय, रविवारी बाबा मोकळे आहेत.